उसने कान

आर्लिस स्टॅम्परला ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्यात शेवटी आर्लिसलाच कळलं. त्याआधी ते त्याच्या बायकोला कळलं होतं, चर्चच्या पाद्र्याला कळलं होतं. नाक्यावरच्या दुकानदाराला तर कधीचंच. तो विचारायचा, "खिळे किती देऊ?" आणि आर्लिस सांगायचा, "बरी आहे, आताच बहिणीकडे गेलीय." दुकानदार हसू दाबत अंदाजाने खिळे बांधून द्यायचा. आर्लिसचं स्वतःचं म्हणणं असं, की हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वी कशी खणखणीत बोलायची! सगळी पिढीच पुटपुटी निघाली म्हणे.

कान गेले ते सॉ मिलमध्ये. मिसरूड फुटायच्या आधी तो तिथे लागला आणि केस पांढरे होईपर्यंत करवतीसमोर उभा राहिला. कानात बोळे घालायची तेव्हा आमच्या घळीत, म्हणजे डोंगरांमधल्या ह्या वस्तीत, पद्धत नव्हती. कुणी घातलेच तर बाकीचे त्याला विचारायचे, "काय रे, सासू आलीय का घरी?" मग कोण घालतंय! उजवा कान पूर्ण गेला, डावा निम्मा राहिला. शहरातल्या डॉक्टरने मशीन दिलं होतं कानात घालायला. ते घालून रानात गेलं की स्वतःच्याच कॉलरची खसखस तेवढी वादळासारखी ऐकू यायची. आर्लिसने ते खणात टाकून दिलं.

गावात बहिरा माणूस राहू शकतो, कसलीच अडचण येत नाही. उलट बायकोचं अर्धं बोलणं चुकतं, हा फायदाच. पण आर्लिस रानटी टर्कीचा, म्हणजे कोंबड्यासारख्या भल्यामोठ्या पक्ष्याचा, शिकारी होता, आणि टर्कीची शिकार कानांनी होते. पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ लावून बसायचं. झाडावर झोपलेला नर जागा होऊन ओरडला, की तो कुठे आहे ते कळतं. मग लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढायचा, आणि तो ओरडत ओरडत जवळ येतो तसं ऐकत राहायचं. तो दिसतो ते अगदी शेवटी. तोवरचा सगळा खेळ कानांचा.

आर्लिसला हे वेड लागलं त्याला कारण होतं. त्याच्या आजोबांच्या काळातच आमच्या डोंगरांतली टर्की संपली होती. सगळी खाऊन फस्त. मग आर्लिस ऐन तिशीत असताना सरकारी माणसं दुसऱ्या राज्यातून पेट्यांत घालून पक्षी घेऊन आली. त्यांचा ट्रक त्याच्या घरामागे उतरलेल्या डोंगराच्या सोंडेवर चढेना. तेव्हा आर्लिसने पेटी खांद्यावर घेतली आणि चढवली वर. झाकण उघडल्यावर तो पक्षी जो उडाला, तो जणू ह्याचं काळीज घेऊनच. वर्डी, म्हणजे त्याची बायको, अजून सांगते, "आमच्या लग्नात इतका खूश नव्हता, जेवढा त्या दिवशी घरी आला तेव्हा होता. आणि अंगावर सगळी शीट!"

त्याच्यासारखी डबी वाजवणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. देवदारासारख्या तांबड्या लाकडाची डबी तो स्वतः कोरायचा, खडूने घासायचा. ह्याने हाक घातली की दूरवरचा नर बायकापोरं सोडून यायचा. त्याने ही विद्या एकालाच शिकवली, डेन्झिल काउडेनला. डेन्झिल शाळेची बस चालवायचा. वयाने बराच धाकटा, बापाविना वाढलेला, हसरा, गोड बोलणारा. त्याला बंदूक कशी धरायची इथपासून आर्लिसने शिकवलं. डेन्झिलच्या आईच्या घराच्या पायऱ्या कुजल्या, तेव्हा आर्लिसने त्या नव्या करून दिल्या आणि वर कठडाही बसवला. त्यांच्यातला तिसरा हर्शल नोबल. तो पूर्वी पोस्टमन होता. त्याची जमीन सोंडेच्या पलीकडच्या अंगाला आर्लिसच्या जमिनीला लागून. हर्शल घुबडाचा आवाज हुबेहूब काढायचा. घुबड ओरडलं की झोपलेला टर्की चिडून उत्तर देतो, म्हणून ह्या कलेला आमच्याकडे मान आहे.

आपल्याला ऐकू येत नाही हे आर्लिसला कळलं ते एका एप्रिलच्या पहाटे. डेन्झिलने त्याला कोपर मारलं, "ऐकलंस?" आर्लिस म्हणाला, "काय?" डेन्झिल म्हणाला, "अरे, तीनदा ओरडला! समोरच्या घळीत." आर्लिस त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्याने डबी खाली ठेवली. त्या दिवशी तो घरी आला आणि कोठारात जाऊन बसला. वर्डीने जेवायला हाक मारली तीही त्याला ऐकू आली नाही, तेव्हा ती स्वतः गेली आणि दाराशी उभी राहून परत आली. रडणाऱ्या नवऱ्याला कसं बोलवायचं हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डेन्झिल दारात हजर. म्हणाला, "तुझे हात नि माझे कान. चालेल का?"

आणि चाललं की! दोघं एकाच ओकच्या झाडाला पाठ लावून बसायचे. डेन्झिल डाव्या अंगाला. पक्षी ओरडला की डेन्झिल त्याच्या गुडघ्यावर बोट ठेवायचा, ज्या दिशेला ओरडला त्या दिशेला बोट सरकवायचा. जवळ आला की दाब वाढवायचा. आर्लिस डबी घासायचा, आणि गुडघ्यावरच्या बोटाने त्याला सगळं ऐकू यायचं. अशा रीतीने नदीकाठी आणि हर्शलच्या खालच्या शेतात त्यांनी पक्षी मारले. आर्लिस सगळ्यांना सांगत सुटला, माझे कान आता बस चालवतात म्हणून. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्याने एकदा उठून डेन्झिलसाठी देवाचे आभार मानले, तेही ओरडून, कारण आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळायचं नाही.

एकच गोष्ट जमेना. त्याच्या घरामागची सोंड, जिथे त्याने ती पेटी चढवली होती, ती मुकी पडली. तिथे नर होता, ह्यात शंका नव्हती. आर्लिसचे डोळे शाबूत होते. चिखलात तळहाताएवढी पावलं, पानं उकरलेली, उंच पॉप्लरच्या झाडाखाली नराची ती आकड्यासारखी वळलेली विष्ठा. पण पहाटे बसलं की डेन्झिलचं बोट हलायचं नाही. तो मान हलवायचा.

"शांत आहे."

"अरे, पण पावलं बघ की. आहे तो इथेच."

"आहे ना! पण तोंड उघडत नाही. कधीतरी छर्रा चाटून गेला असेल. शहाणा झालाय."

असे पक्षी असतात. म्हातारे नर कधीकधी हंगामभर गप्प राहतात, हे आर्लिसलाही ठाऊक होतं. त्याने त्याचं नावच ठेवलं, मुका. तीन वसंत तो मुक्याच्या मागे होता. डेन्झिल बसवर असला की एकटाच जाऊन बसायचा, आंधळेपणाने डबी घासत राहायचा. डॉक्टरने सांगितलं होतं की डावा कानही फार दिवसांचा सोबती नाही. आणि आर्लिसची एवढी एकच इच्छा उरली होती. आपल्या सोंडेवरचा, आपल्या हाकेला आलेला एक नर, तो अगदी जवळ येऊन ओरडला की उरलेल्या अर्ध्या कानाने का होईना, एकदा ऐकायचा. मग बंदूक खुंटीला टांगली तरी चालेल. हे त्याने डेन्झिलला सांगितलं होतं. हर्शललाही सांगितलं होतं. मुक्याच्या गोष्टी तो दोघांना रंगवून सांगायचा, आणि दोघंही पोट धरून हसायचे.

घरात मात्र ह्यातलं अवाक्षर नाही. आमच्याकडे जुनी रीत आहे, जो पक्षी हेरलाय त्याचं नाव घरात काढायचं नाही. ताटात येईपर्यंत त्याच्याबद्दल ना नवरा बोलणार, ना बायको विचारणार. बोललं की हात रिकामा. टर्की नव्हती तेव्हाही, दुसऱ्या शिकारीच्या बाबतीत, आर्लिसची आई ही रीत पाळायची, वर्डीच्या माहेरीही पाळायचे. टर्की डोंगरात परत आल्यावर एकदा वर्डीने सहज विचारलं होतं, "मिळाला का तुझा तो पक्षी?" आणि तो अख्खा हंगाम कोरडा गेला. तेव्हापासून एप्रिल लागला की ती टर्कीच्या बाबतीत तोंडाला कुलूप घालायची.

तर त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जेवण ठरलं. डेन्झिलने गुरुवारी एक भलामोठा नर मारला होता. हंगामातला पहिला मोठा पक्षी कुणीही मारला तरी जेवण आर्लिसच्याच ओसरीवर, कारण टर्कीची छाती वर्डीसारखी कुणाला तळता येत नाही. पट्ट्या कापून ताकात भिजवायच्या, मिठामिऱ्याच्या पिठात घोळायच्या आणि बिडाच्या तव्यात डुकराच्या चरबीत तळायच्या. सोबत घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, आणि पावसाने वर आलेली रानातली अळंबी. ओसरीवर जेवायचं कारण वेगळं. वर्डी कट्टर चर्चवाली. "माझ्या छपराखाली दारू येणार नाही," असं तिने लग्नातच बजावलेलं. तेव्हा आर्लिसने ओसरीचं छप्पर घराच्या छपरापासून वीतभर सोडून वेगळं बांधलं. देवाच्या आणि बायकोच्या दोघांच्याही नजरेत पळवाट सापडली.

बाटली हर्शलने आणली. आमच्या तालुक्यात दारू विकत नाहीत, त्यामुळे पलीकडच्या तालुक्यात जाऊन आणावी लागते, आणि एवढा रस्ता तुडवायचा तर माणूस भिकारडी कशाला आणेल? चांगली मुरलेली बर्बन होती. उन्हात धरली की काकवीसारखा रंग. पेले मांडले, बाटली उघडली, वास दरवळला. पण घोट कुणी घेतला नाही, कारण त्याचीही रीत आहे. ज्याने पक्षी मारला त्याने शिकारीची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. पहाटे कुठे बसला, पक्षी कुठे ओरडला, कसा आला. बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यायची. हकीकत पटली की मगच पेला ओठाला.

डेन्झिलने टेबलावर त्या नराची छातीवरची दाढी आणि पायांच्या नख्या ठेवल्या. दाढी हातभर, नख्या कोयत्यासारख्या वाकड्या. आर्लिसने त्या हातात घेतल्या आणि अंगठ्याने चाचपल्या.

"बाप रे! म्हातारा होता की! कुठे घावला?"

"नदीकाठी. मेव्हण्याच्या कुरणात." डेन्झिल त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत बोलत होता. तशी त्याला सवयच होती. "अंधारातच बसलो. दोनदा ओरडला, मग खाली उतरला. मी दोनच हाका घातल्या, तू शिकवलंस तशा, हळू."

"आणि मग गप्प बसलास ना? की लागलास बडबडायला बायकांसारखा?"

"गप्प बसलो."

"शाब्बास! इथेच सगळे माती खातात. पहिली हाक ऐकली की नराला ठाऊक असतं तू कुठे आहेस. पुन्हा पुन्हा काय सांगायचं?" आर्लिसला मनापासून आनंद झाला होता. आपल्या हाताखाली शिकलेल्या पोराने एवढा पक्षी मारला, ह्याचा अभिमान त्याच्या तोंडावर मावत नव्हता. "मी गुरुवारी हर्शलच्या खालच्या शेतात बसलो होतो बघ. तूच म्हणालास ना, तिथे एक ओरडतोय म्हणून? हर्शल होता माझ्यासोबत कानाला. काहीच नाही. काय रे हर्शल?"

"काहीच नाही," हर्शल म्हणाला आणि बाटलीचं बूच बोटांत फिरवत राहिला.

"असू दे. पटली हकीकत!" आर्लिसने पेला उचलला. "हा तुझ्या पक्ष्याच्या नावाने, डेन्झिल. आणि पुढचा मुक्याच्या नावाने! कधीतरी तोंड उघडेल लेकाचा."

दोघं हसले. तिघांनी घोट घेतला. आर्लिसने डोळे मिटून दारू घशाखाली उतरू दिली, आणि म्हणाला की देवाने वर्डीला एवढं एक सुख कळू दिलं नाही, बिचारी.

तेवढ्यात बिचारी तळलेल्या मांसाचं ताट घेऊन बाहेर आली. टेबलाच्या मधोमध ताट ठेवलं, एप्रनला हात पुसले, आणि नवऱ्याच्या डाव्या कानाशी वाकून, नेहमीसारखं अर्ध्या घळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता ताटात आलाय, म्हणून बोलते हं. सुटले बाई एकदाची! तीन वर्षं पहाटेची झोप नव्हती धड."

"का गं?" आर्लिस म्हणाला.

"का म्हणजे? ह्याच्यामुळे! फटफटलं की सोंडेवर ह्याचं सुरू. एकदा ओरडला की थांबायचा नाही. कावळा ओरडला तरी हा ओरडायचा, हर्शलच्या कुत्र्यावर ओरडायचा, ढग गडगडले तरी उत्तर द्यायचा. मी मनात म्हणायची, आर्लिस बसलाय तिथेच, मारत कसा नाही ह्याला? पण बोलायची सोय नाही. गुरुवारी बार ऐकला नि हा गप्प झाला. म्हटलं, लागला हात एकदाचा! मग तू रिकामा आलास, डेन्झिलने मारला म्हणालास. म्हटलं चला, दोघं काय वेगळे आहेत?"

आर्लिस तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला वाटलं आपल्याला नीट कळलं नाही. असं त्याचं नेहमीच व्हायचं.

"कुठे ओरडायचा?"

"मागच्या सोंडेवर रे! आपल्या. पॉप्लरपाशी."

"नाही वर्डी. तो ओरडत नाही. तो मुका आहे."

वर्डी हसली. तिला खरंच गंमत वाटली. "मुका? अरे, त्याच्याएवढा तोंडाळ पक्षी मी जन्मात..." आणि मग तिची नजर समोर गेली. डेन्झिल ताटाकडे बघत होता. हर्शलने पेला खाली ठेवला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. वर्डीचं हसू जागच्या जागी विरलं. आपण काय करून बसलो हे तिला कळलं, फक्त त्यात आपली चूक कुठली ते कळेना.

"दोन असतील पक्षी," डेन्झिल म्हणाला. "मी मारला तो नदीकाठचा."

आर्लिसने हर्शलकडे मान वळवली. "डेन्झिलला लपून त्या सोंडेवर चढायचं तर तुझ्याच रानातून चढावं लागतं. माझ्या अंगणातून कुणी गेलं असतं तर मला दिसलं असतं. आंधळा नाही झालो अजून."

हर्शलने मिशीवरून हात फिरवला. मग तो डेन्झिलला म्हणाला, "सांग रे बाबा. आता काय झाकतोस?"

"तू गप्प बस!"

"मीच गप्प बसलो तीन वर्षं. बास झालं."

आर्लिस ओरडला नाही. वर्डीला वाटलं होतं ओरडेल. त्याने डेन्झिलचा पेला उचलला, त्यात उरलेली दारू अंगणात फेकली, आणि रिकामा पेला त्याच्यासमोर ठेवला.

"तू मला खोट्या हकिकतीवर दारू पाजलीस. माझ्या ओसरीवर. आता खरी सांग. पहिल्या वर्षापासून."

"आर्लिस, ऐक तर..."

"मला ऐकू येत नाही. तोंड इकडे करून बोल."

मग डेन्झिलने सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ. पहिल्या वसंतात पहिल्याच पहाटे तो ओरडला होता. असा, की डेन्झिलच्या अंगावर काटा आला. बोट ठेवायला हात उचललाही होता. "पण मला वाटलं, हा मला हवा. फक्त एकदा. तू डबी घासलीस की कुठलाही पक्षी तुझा होतो, आर्लिस. लोक म्हणतात आर्लिसने बोलावला, आर्लिसने आणला. मी नुसता बोट. म्हटलं, हा एक मी एकट्याने आणीन. आठवडाभरात मारीन नि सांगून टाकीन. पण तो येईना. माझ्या हाकेला येईना तो! ते वर्ष गेलं. मग दुसऱ्या वर्षी कुठल्या तोंडाने सांगू, की गेल्या वर्षी पण ओरडत होता म्हणून?"

"आणि मी त्याला मुका म्हणत होतो."

डेन्झिलने रिकामा पेला बोटांनी दूर सरकवला.

"तुम्ही दोघं हसत होतात. मी मुक्याच्या गोष्टी सांगायचो नि तुम्ही हसायचात, ते ह्याला हसत होतात होय?"

"तसं नाही रे," हर्शल म्हणाला.

"मग कसं?"

डेन्झिलचा संयम सुटला. चोर पकडला गेला की आधी लाजतो आणि मग चिडतो, तसाच तो चिडला. "अरे, पण तुला ऐकूच येत नव्हतं ना! तो ओरडला काय नि न ओरडला काय, तुला काय फरक पडत होता?"

वर्डीने तोंडावर हात ठेवला. आर्लिसने मात्र हे वाक्य शांतपणे त्याच्या ओठांवरून वाचून घेतलं. एकही शब्द चुकला नाही.

मग त्याने विचारलं, "गेल्या वर्षी, ऑर्बिनला पुरलं त्या आठवड्यात आपण वर बसलो होतो. आठवतं?"

ऑर्बिन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याला मातीआड करून आलेला आर्लिस कुणाशी बोलत नव्हता. डेन्झिलनेच त्याला पहाटे उठवून ओकखाली नेऊन बसवलं होतं. उजाडताना डेन्झिलने आपला अख्खा पंजा त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि किती तरी वेळ घट्ट दाबून धरला. एक शब्द बोलला नाही. आर्लिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला वाटलं होतं, सगळं गाव येऊन शब्द देऊन गेलं, पण दुःख समजलं ते ह्या एका पोराला. घरी येऊन तो वर्डीला म्हणाला होता, "एक भाऊ गेला, पण एक राहिलाय बघ."

"आठवतं," डेन्झिल म्हणाला.

"त्या दिवशी ओरडला होता तो?"

डेन्झिलने ओठ चावले. "राहू दे ना आता."

"हकीकत पुरी कर."

"मागे होता आपल्या, उजव्या अंगाला. ते फाटक आहे तेवढ्या अंतरावर. पिसारा फुलवून. ओरडतच होता, थांबतच नव्हता. आणि तू रडत होतास, हलत होतास. वळणार होतास." त्याचा आवाज उतरला, पण ओठ दिसत होते. "तू वळलास तर दिसेल, म्हणून धरलं."

 ताटातलं मांस गार होऊन वर चरबी पांढरी पडायला लागली होती. आर्लिसने आपला गुडघा बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. केसाने गळा कापणारी माणसं त्याने सॉ मिलमध्ये पाहिली होती, चर्चमध्येही पाहिली होती. पण त्यांचे आभार त्याने देवापुढे उभं राहून मानले नव्हते. 

"पक्षी मागितला असतास तर दिला असता," तो म्हणाला. "सोंड दिली असती. तुला माहीत होतं मी दिली असती. तू नुसतं म्हणायचंस, आर्लिस, तो ओरडतोय, पण हा मला दे. मी शेजारी बसून बघितलं असतं. मला ओरडणं तेवढं हवं होतं रे!"

डेन्झिल रडायला लागला. आर्लिसला दया आली नाही, आणि आली नाही ह्याचंही त्याला काही वाटलं नाही.

"ऊठ. घरी जा. दाढी नि नख्या घेऊन जा. ते मांस पण भर डब्यात, वर्डी, त्याचं आहे ते. आणि हर्शल, ती बाटली."

"बाटली राहू दे, आर्लिस. मी नंतर येऊन..."

"कशाला येऊन? घुबडाचा आवाज काढायला?"

हर्शलने बाटली उचलली. जाताना त्याने वर्डीला टोपी काढून मान लववली, पण तिने पाठ फिरवली होती. ज्या हर्शलने पोस्टमन असताना तिची पत्रं वर्षानुवर्षं दारात आणून दिली, त्याच्याकडे ती आयुष्यात पहिल्यांदा पाठ करून उभी राहिली. गाड्या सुरू झाल्या. त्यांचा आवाज आर्लिसला आला नाही, धूळ उडाली तेव्हा कळलं.

वर्डीने रिकाम्या बाकावर बसून घेतलं. 

"मी बोलले असते तर," ती म्हणाली. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून सरकून त्याच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ येऊन बसली आणि पुन्हा म्हणाली, "मी एकदा जरी बोलले असते! कसली मेली रीत पाळत बसले!"

"तुझं काय चुकलं? तू माझ्यासाठी गप्प बसलीस."

"अजून आठवडा आहे हंगामाचा. हा गेला तर गेला. अरे, खालच्या अंगाला आणखी एक ओरडतो, बारीक आवाजाचा, तरुण असेल. मी येते सोमवारी. मला काय कळतंय बंदुकीतलं? पण माझे कान चांगले आहेत. तू डबी घे. मी सांगेन ना तुला!" बोलता बोलता तिने, नवऱ्याला धीर द्यायला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आर्लिस त्या हाताकडे बघत राहिला.

"येशील तू," तो म्हणाला. "माहीत आहे मला. माझ्या शेजारी बसशील. आणि एखाद्या दिवशी म्हणशील, आज शांत आहे बाई सगळं. खरंच शांत असेल त्या दिवशी. आणि मी काय करेन सांगू? मी तुझ्या तोंडाकडे बघेन, वर्डी. चाळीस वर्षं ज्या बायकोवर डोळे मिटून विसंबलो, तिच्या तोंडाकडे बघत बसेन, ही खरं बोलतेय का म्हणून. ते मला नाही करायचं."

 वर्डीने त्याच्या गुडघ्यावरचा हात हळूच काढून घेतला, उठली, आणि ताटं गोळा करायला लागली.